समुद्राच्या पाण्यांतील तेलाचें माप

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत पूर्वीं दुधाची पारख करण्यासाठीं कांचेचें एक लहानसें उपकरण ठेवलेलें असे. त्यास दुग्धमापक किंवा लॅक्टोमीटर म्हणत. दुधांत सोडलें म्हणजे तें घनतेच्या मानानें कमीअधिक बुडून उभें राही, आणि दांडीवरील रेषा पाहून गृहिणी दूध निर्भेळ आहे कीं नाहीं याचा निर्णय करी. गवळ्यानें पाणी घातलें कीं घनता कमी होई व उपकरण अधिक खालीं जाई. परंतु त्याच दुधांत थोडी साखर विरघळविली तर घनता पुन्हां वाढे, उपकरण योग्य रेषेवर येऊन ठरे, आणि आंकडा बरोबर असूनहि निर्णय मात्र चुके. यांत उपकरणाचा दोष नव्हता. तें घनता मोजीत होतें; दूध मोजीत नव्हतें.

मोजावयाची वस्तु एक आणि प्रत्यक्ष मोजली जाणारी वस्तु दुसरी, हा प्रकार केवळ दुधापुरता नाहीं. समुद्रांतील तेलविहिरींवर गेलीं कित्येक दशकें हाच प्रश्न शास्त्रज्ञांपुढें उभा आहे. तेथें कोणी लबाडीनें साखर घालीत नाहीं. पाणी स्वच्छ व्हावें, नळ गंजूं नयेत, जंतु वाढूं नयेत अशा योग्य हेतूनेंच त्यांत नाना औषधें मिसळलीं जातात. परंतु तींच औषधें पुढें तेलाचें माप बिघडवितात. हा प्रश्न कसा उद्भवला आणि त्याचा उलगडा कोणत्या मार्गानें होत गेला, त्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

वाशीमसारख्या जिल्ह्यास समुद्राचा संबंध काय, असें कित्येकांस वाटेल. १९९८ सालीं अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यांत पडणाऱ्या पावसाचे दोन वांटे होतात. अडाण, अरुणावती यांचें पाणी पैनगंगेस मिळून वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्या वाटेनें पूर्वसमुद्रास जातें. काटेपूर्णा मात्र उत्तरेकडे वळते. तिचें पाणी पूर्णेस, पूर्णेचें तापीस आणि तापीचें सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळतें. ज्या समुद्रांत वाशीमच्या डोंगरांवरील पावसाचा एक वांटा शेवटीं विसांवा घेतो, त्याच समुद्राच्या तळाखालीं महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर भारतांतील सर्वांत प्रसिद्ध तेलक्षेत्र आहे. शिवाय मोटारीच्या, पंपाच्या आणि स्वयंपाकघराच्या द्वारें खनिज तेलाचा उपयोग जिल्ह्यांतील प्रत्येक घर करीतच असतें. तेव्हां तें तेल काढतांना मागें काय उरतें हा प्रश्न किनाऱ्यावरील लोकांपुरता राहत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर देशांत तेलाचा शोध सरकारी पातळीवर पद्धतशीरपणें सुरू झाला आणि १९५६ सालीं तेल व नैसर्गिक वायु आयोगाची स्थापना झाली. या प्रयत्नांमागें केशवदेव मालवीय यांची दृष्टि मोठी होती. १९६४-६५ च्या सुमारास एका सोव्हिएट जहाजानें खंबायतच्या आखाताकडील व मुंबईसमोरील समुद्राची भूकंपलहरींच्या साहाय्यानें पाहणी केली, तेव्हां मुंबईच्या वायव्येस सुमारें १६० किलोमीटरांवर समुद्रतळाखालीं खडकांचा एक विस्तीर्ण उंचवटा असल्याचें दिसून आलें. या उंचवट्यावरूनच बॉम्बे हाय हें नांव पडलें. पुढें त्याचें मुंबई हाय झालें. तेथें पाण्याची खोली सुमारें ७५ मीटर आहे. जपानमध्यें बांधलेलें ‘सागर सम्राट’ हें खोदकामाचें तरंगतें यंत्र तेथें नेण्यांत आलें. आपले लांब पाय समुद्रतळावर रोवून तें पाण्याबाहेर उंच उभें राहिलें आणि फेब्रुवारी १९७४ मध्यें त्याच्या पहिल्याच विहिरीस तेल लागलें. २१ मे १९७६ रोजीं उत्पादनास आरंभ झाला. प्रथम तेल जहाजांनीं आणीत. १९७८ सालीं उरणपर्यंत समुद्राखालून नळ टाकले गेले. अरब देशांनीं १९७३ सालीं तेलाचे भाव चढविल्यामुळें देश अडचणींत असतां हा शोध लागला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या वेळच्या आनंदाची कल्पना येते.

परंतु तेलविहिरींतून केवळ तेल कधींच येत नाहीं. मुंबई हाय येथील मुख्य साठा चुनखडीच्या सच्छिद्र खडकांत आहे. अशा खडकांत तेलाच्या खालीं आणि भोंवतीं लक्षावधि वर्षांचें खारें पाणी दबून राहिलेलें असतें. तेल उपसलें जातें तसतसें हें पाणी वर सरकतें. त्यांतच १९८४ सालापासून खडकांतील दाब टिकविण्यासाठीं समुद्राचें पाणी मुद्दाम आंत दाबण्यास सुरुवात झाली. त्याचाहि कांहीं भाग कालांतरानें तेलाबरोबर परत येऊं लागतो. विहीर जितकी जुनी होत जाते तितका वर येणाऱ्या द्रवांत पाण्याचा वांटा वाढत जातो. विहिरीच्या तारुण्यांत जें पाणी एक किरकोळ उपद्रव असतें, तेंच तिच्या वार्धक्यांत मुख्य ओझें होऊन बसतें. हें पाणी तेलापासून वेगळें करणें, त्यांतील तेल काढून घेणें आणि मग तें समुद्रांत सोडणें किंवा पुन्हां जमिनींत घालणें, एवढेच मार्ग उरतात.

तेल पाण्यावर तरंगतें हें लहान मुलासहि ठाऊक आहे. तर मग मोठ्या टांकींत मिश्रण ठेवून वरचें तेल निथळून घेतलें कीं काम झालें, असें सहज वाटतें. मोठ्या थेंबांच्या बाबतींत तें खरेंहि आहे. परंतु इंग्लंडांतील गणितज्ञ जॉर्ज गेब्रियल स्टोक्स यानें १८५१ सालीं जो नियम सांगितला, त्याप्रमाणें द्रवांत थेंब वर चढण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. थेंबाचा व्यास निम्मा झाला तर त्याचा वेग चौथा हिस्सा होतो; दहावा हिस्सा झाला तर वेग शतांशावर येतो. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढा तेलाचा थेंब पाण्यांत वर येतां येतां कंटाळून जावा इतका मंद असतो. म्हणून साध्या टांकीनंतर अन्य उपाय योजावे लागतात. एका यंत्रांत पाण्यांतून वायूचे बारीक बुडबुडे सोडतात व त्यांस चिकटून तेल वर येतें. दुसरें यंत्र म्हणजे हायड्रोसायक्लोन. यांत पाणी निमुळत्या नळींतून भोंवऱ्यासारखें गरगर फिरवितात. जड पाणी कडेला फेंकलें जातें आणि हलकें तेल मधोमध गोळा होतें. ताक घुसळतांना रवीभोंवतीं लोणी जमलेलें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस याची कल्पना थोडीबहुत येईल. तेलासाठींच्या या यंत्राचें मूळ संशोधन इंग्लंडांतील साउदॅम्प्टन विद्यापीठांत १९७० नंतरच्या काळांत झालें व पुढें तें जगभर पसरलें.

येथपर्यंत सर्व पदार्थविज्ञान झालें. रसायनें येतात तीं याच्या पुढें आणि आधींहि. तेल आणि पाणी नळांतून, झडपांतून वेगानें घुसळत येतात, तेव्हां त्यांचें दुधासारखें एकजीव मिश्रण होतें. रसायनशास्त्रांत यास पायस म्हणतात. तें फोडण्यासाठीं एक द्रव्य घालावें लागतें. खारें पाणी व त्यांतील वायु यांमुळें पोलादी नळ गंजतात. म्हणून गंजरोधक घालतात. पाण्यांतील कॅल्शियम, बेरियम यांचे क्षार नळांच्या आंत दगडासारखे थर धरतात. ते रोखण्यासाठीं तिसरें द्रव्य लागतें. समुद्राच्या पाण्यांतील सल्फेटवर जगणारे जंतु कुजक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायु निर्माण करतात. त्यांच्यासाठीं जंतुनाशक, आणि त्या वायूसाठीं त्यास पकडणारें आणखी एक द्रव्य लागतें. टांक्यांत फेस फार झाला तर सिलिकोनयुक्त फेसनाशक घालतात. अखेरीस उरलेसुरले सूक्ष्म थेंब एकत्र आणण्यासाठीं दीर्घ रेणूंचें एक द्रव्य सोडतात. पावसाळ्यांत विहिरीच्या गढूळ पाण्यांत तुरटी फिरवितात किंवा निवळीचें बीं उगाळून घालतात, आणि गाळाचे कण एकमेकांस चिकटून खालीं बसतात; येथें क्रिया तशाच जातीची असते, फक्त गाळ खालीं न बसतां तेल वर येतें.

ही सर्व औषधें आवश्यक आहेत. गंजून नळ फुटला तर काय होतें तें मे १९९३ मध्यें दिसून आलें. त्या महिन्यांत मुंबई हायहून उरणकडे तेल आणणारा मुख्य नळ फुटला व पुष्कळ तेल समुद्रांत गेलें. तसली दुर्घटना डोळ्यांना दिसते, वर्तमानपत्रांत येते, किनाऱ्यावरचे कोळी तिच्याविषयीं तक्रार करूं शकतात. रोज थोडें थोडें तेल घेऊन समुद्रांत जाणारें पाणी मात्र कोणास दिसत नाहीं. त्याचा साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे मोजणाऱ्याचा आंकडा. म्हणून तो आंकडा विश्वासार्ह असणें किती महत्त्वाचें आहे तें निराळें सांगावयास नको.

या आंकड्याची मर्यादा कायद्यानें ठरविलेली आहे. उत्तर समुद्राभोंवतालच्या युरोपीय राष्ट्रांनीं एक लिटर पाण्यांत ४० मिलिग्रॅम तेल ही मर्यादा १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्वीकारली आणि २००७ पासून ती ३० वर आणली. अमेरिकेनें १९९३ सालीं महिन्याची सरासरी २९ व कोणत्याहि एका दिवसाची कमाल मर्यादा ४२ मिलिग्रॅम ठरविली. भारतांत पर्यावरण संरक्षणाच्या नियमांत १९९६ सालीं जीं मानकें आलीं, त्यांप्रमाणें समुद्रांत सोडावयाच्या पाण्यांत शंभरांपैकीं पंचाण्णव निरीक्षणांत तेल ४० मिलिग्रॅमपेक्षां अधिक असूं नये आणि कधींहि १०० च्या वर जाऊं नये. हें माप पाणी सौम्य न करतां घ्यावें, असें नियमांत स्पष्ट म्हटलेलें आहे. गवळ्याच्या दुधांतील पाण्याची ही उलट बाजू होय. येथें पाणी घालून दोष झांकतां येऊं नये म्हणून कायद्यानें आधींच दार लावून घेतलें आहे.

४० मिलिग्रॅम म्हणजे किती, हेंहि पाहिलें पाहिजे. एक हजार लिटरांच्या टांकींत ४० ग्रॅम, म्हणजे सुमारें तीन मोठे चमचे तेल. ऐकण्यास हें क्षुल्लक वाटतें. पण दिवसाला दहा हजार घनमीटर पाणी सोडणारें एखादें केंद्र कल्पनेंत आणलें तर तेवढ्यानें रोज ४०० किलो तेल समुद्रांत जाईल. समजा, पाण्यांत वस्तुतः ६० मिलिग्रॅम तेल आहे आणि यंत्र ४० दाखवीत आहे. तर रोजचें २०० किलो, म्हणजे वर्षाकाठीं ७३ टन तेल, कागदावर कोठेंहि न उमटतां समुद्रांत जाईल. तेलांतील कांहीं वलयाकार रेणू माशांच्या अंड्यांस व पिलांस अत्यल्प प्रमाणांतहि अपाय करतात, हें प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे. उलट यंत्र अधिक दाखवूं लागलें तर निष्कारण उत्पादन थांबवावें लागतें, किंवा आणखी औषध ओतलें जातें.

आतां प्रश्न असा कीं, तेल मोजावयाचें कसें? याचें उत्तर दिसतें तितकें सोपें नाहीं, कारण तेल ही एक वस्तुच नव्हे. ती सहस्रावधि संयुगांची गर्दी आहे. त्यांतील कांहीं पाण्यांत विरघळतात, कांहीं थेंबांत राहतात, कांहीं उघड्यावर उडून जातात. म्हणून प्रत्येक पद्धति प्रथम तेल म्हणजे काय याची आपल्यापुरती एक व्याख्या करते आणि मग ती व्याख्या मोजते.

पहिली प्रचलित पद्धति अवरक्त किरणांची. पाण्याच्या नमुन्यांत एखादें विद्रावक घालून हलवावयाचें, तेल त्यांत उतरवावयाचें, आणि मग त्यांतून अवरक्त किरण सोडावयाचे. कार्बन व हायड्रोजन यांचा बंध ३.४ मायक्रॉनच्या आसपासचे किरण शोषतो; जितकें शोषण अधिक तितकें तेल अधिक. यासाठीं विद्रावकांत मात्र असा बंध असतां कामा नये, नाहींतर तें स्वतःच किरण पिऊन टाकील. कार्बन टेट्राक्लोराइड आणि फ्रिऑन हीं द्रव्यें म्हणूनच सोयीचीं होतीं. परंतु १९८७ सालच्या माँट्रियल करारानें ओझोनचें आवरण विरविणाऱ्या या द्रव्यांवर बंधन आणलें, आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांच्या हातांतील मोजपट्टीच आकाशाच्या रक्षणासाठीं काढून घेतली गेली. अमेरिकेनें १९९९ सालीं हेक्झेन वापरून वजन करण्याची पद्धति स्वीकारली. यांत हेक्झेन उडवून देतात व भांड्यांत जें उरतें तें तोलतात. हलकें तेल हेक्झेनबरोबरच उडून जातें, आणि तेल नसलेलें परंतु हेक्झेनमध्यें उतरलेलें द्रव्य मागें राहतें. या मापास तेथें सरळ तेल न म्हणतां ‘हेक्झेननें निघणारा पदार्थ’ असें नांव दिलें आहे. हें नांव प्रामाणिक आहे. युरोपांत २००७ पासून गॅस क्रोमॅटोग्राफची पद्धति प्रमाण मानली गेली. तींत लांब नळींतून रेणू त्यांच्या उत्कलनबिंदूंच्या क्रमानें वेगळे करून सात ते चाळीस कार्बन असलेल्या हायड्रोकार्बनांची बेरीज करतात. एकाच बाटलींतील पाणी या तिन्ही पद्धतींनीं तपासलें तर तीन आंकडे येतील, आणि तिन्ही आपआपल्या व्याख्येप्रमाणें खरे असतील.

या आधींच नाजूक असलेल्या मापावर औषधांचा परिणाम चार वाटांनीं होतो.

पहिली वाट म्हणजे औषध स्वतःच तेल म्हणून मोजलें जाणें. गंजरोधकाच्या रेणूस दोन टोंकें असतात. एक टोंक पोलादास चिकटतें व दुसरें, लांब शेंपटीसारखें, पाण्यास दूर ठेवतें. ही शेंपटी कार्बन व हायड्रोजन यांचीच असल्यामुळें विद्रावकांत उतरते आणि अवरक्त किरणांस तेलासारखीच भासते. वजनाच्या पद्धतींतहि तें द्रव्य भांड्यांत तेलाबरोबर बसून राहतें. क्रोमॅटोग्राफच्या पद्धतींत फ्लॉरिसिल नांवाची भुकटी वापरून अशीं ध्रुवी द्रव्यें आधीं गाळून घेतात, म्हणून ती या दोषापासून बरीच मुक्त आहे. तथापि पायस फोडणारीं कित्येक द्रव्यें बाजारांत येतात तींच खनिज तेलापासून काढलेल्या विद्रावकांत विरघळवून. तें विद्रावक कोणत्याहि भुकटीनें अडत नाहीं, कारण तें खरोखरच तेल असतें.

दुसरी वाट थेंबांची. तेलकट भांडीं शिकेकाईनें किंवा रिठ्यानें घांसलीं म्हणजे तेल नाहींसें होत नाहीं. त्याचे इतके बारीक थेंब होतात कीं तें पाण्याबरोबर वाहून जातें. गंजरोधक व कांहीं जंतुनाशकें अशींच साबणाच्या जातीचीं असतात. त्यांची मात्रा वाढली कीं थेंब लहान होतात आणि स्टोक्सच्या नियमाप्रमाणें टांकी व हायड्रोसायक्लोन दोन्ही निकामी होऊं लागतात. यंत्रावरहि त्याचा परिणाम होतो. विखुरलेल्या प्रकाशावरून तेल मोजणारीं यंत्रें थेंबांच्या आकारावर अवलंबून असतात. तेल तेवढेंच राहून थेंब बदलले तरी आंकडा बदलतो. उलट, थेंब एकत्र आणणाऱ्या द्रव्याची मात्रा अधिक झाली तर तेल, वाळू व लोहकण यांचे पुंजके बनतात, आणि छायाचित्रावरून गोल थेंब मोजणाऱ्या यंत्रास ते वाळूचे वाटतात कीं तेलाचे, हें ठरविणें कठीण जातें.

तिसरी वाट प्रकाशाची. नळांतच बसवून अखंड मोजणारीं बरींच यंत्रें जंबुपार किरण वापरतात, ज्यांस आज अतिनील म्हणतात. हे किरण पडले कीं तेलांतील वलयाकार रेणू मंद उजेड देतात. या उजेडास प्रतिदीप्ति असें नांव आहे. परंतु गंजरोधकांतील कांहीं रेणूंतहि अशीं वलयें असतात व तेहि उजळतात. मग तेल न वाढतां आंकडा वाढतो. दुसरी कांहीं द्रव्यें हा उजेड मंदावतात. तेव्हां तेल असूनहि आंकडा उतरतो. शिवाय या यंत्रास उजेडावरून तेल किती तें ठाऊक नसतें. प्रयोगशाळेंतील मापाशीं ताडून तें त्यास शिकवावें लागतें. ज्या दिवशीं औषध बदलतें त्या दिवशीं तो जुना धडा निरुपयोगी होतो, आणि यंत्र मात्र पूर्वीच्याच आत्मविश्वासानें आंकडे सांगत राहतें.

चौथी वाट सर्वांत साधी, म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. पृष्ठभागांस चिकटणें हा ज्याचा धर्मच आहे तें गंजरोधक यंत्राच्या कांचेसहि चिकटतें. त्यावर मेण, क्षार व जंतूंचा बुळबुळीत थर बसतो, आणि चष्मा धुरकट झालेल्या माणसाप्रमाणें यंत्र कमी पाहूं लागतें. नमुना ज्या बाटलींत घ्यावयाचा तिच्या कडांनाहि तेल चिकटतें. म्हणून बाटलीसुद्धां विद्रावकानें खळबळून घ्यावी लागते. नमुना टिकावा म्हणून त्यांत आम्ल घालतात. त्या आम्लानें पाण्यांत विरघळलेलीं कांहीं सेंद्रिय अम्लें तेलांत उतरतात व मापांत भर पडते. त्यांतून एखादें औषध सतत न घालतां ठराविक वेळीं एकदम घातलें जात असेल, तर सकाळचा नमुना व दुपारचा नमुना यांत जमीनअस्मानाचा फरक पडूं शकतो. दोन्हींतील तेल कदाचित् सारखेंच असेल.

या चारहि वाटा एकत्र मिळाल्या म्हणजे एक दुष्ट चक्र सुरू होतें. गंजरोधक वाढलें म्हणून यंत्र अधिक तेल दाखवितें. तें पाहून तेल काढणारें द्रव्य वाढवितात. त्याचा अतिरेक झाला कीं पुंजके होतात, पाणी अधिकच गढूळ होतें, आंकडा आणखी चढतो आणि मात्राहि चढते. रोग्यास एका वैद्यानें औषध द्यावें आणि दुसऱ्यानें, त्या औषधाची वार्ता नसतां, नाडी पाहून निदान करावें, तसा हा प्रकार आहे.

हा प्रश्न केवळ तेलविहिरींचा नाहीं हें जहाजांच्या इतिहासावरून दिसतें. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें जहाजाच्या तळाशीं सांचणारें तेलकट पाणी समुद्रांत सोडतांना त्यांत दहा लक्ष भागांत १५ भागांहून अधिक तेल असतां कामा नये, आणि तें पाहण्यासाठीं जहाजावर यंत्र असतें. हीं यंत्रें पूर्वीं शुद्ध तेल व पाणी यांच्या मिश्रणावर परीक्षा होऊन मान्य होत. प्रत्यक्ष जहाजांत मात्र यंत्रशाळा धुण्याचीं साबणी द्रव्यें त्या पाण्यांत असत, आणि परीक्षेंत उत्तीर्ण झालेलीं यंत्रें समुद्रावर गोंधळत. अखेर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनें २००३ सालीं नवा ठराव करून साबणासारख्या द्रव्यानें बनविलेल्या पक्क्या पायसावरहि यंत्राची परीक्षा झाली पाहिजे असें ठरविलें; २००५ च्या आरंभापासून तें लागू झालें. मापन ज्या पाण्यावर होणार त्याच पाण्यावर मापकाची परीक्षा झाली पाहिजे, ही साधी गोष्ट मान्य होण्यास इतकीं वर्षें लागलीं.

तेलविहिरींवरील तज्ज्ञांनीं यावर जे उपाय सुचविले आहेत, ते पाहिले तर त्यांत महागड्या यंत्रांपेक्षां शिस्तीचा भाग मोठा आहे. प्रत्येक औषध वापरांत आणण्यापूर्वीं तेल नसलेल्या खाऱ्या पाण्यांत तें घालून यंत्र काय दाखवितें तें पाहावें. तेल नसतां जो आंकडा येईल तो औषधाचा. मग माहीत असलेलें तेल घालून तें तितकेंच भरतें कीं नाहीं हें पाहावें. औषध किंवा त्याची मात्रा बदलली कीं यंत्राची जुळणी नव्यानें करावी. तेलाच्या आंकड्यांच्या नोंदवहींत त्या त्या वेळच्या औषधांच्या मात्रा शेजारीं लिहाव्या. एकाच तत्त्वावर चालणाऱ्या दोन यंत्रांऐवजीं भिन्न तत्त्वांवर चालणाऱ्या दोन यंत्रांची साक्ष घ्यावी. दोन्हींत फरक पडूं लागला तर तेल बदललें नसून पाण्याची प्रकृति बदलली असावी, हें ओळखावें. कांच नियमानें साफ करावी. आणि आंकडा प्रसिद्ध करतांना तो कोणत्या पद्धतीनें काढला हें त्याच्यासोबतच सांगावें, कारण पद्धतीवांचून ४० हा आंकडा म्हणजे एककावांचून दिलेलें वजन होय. भारतीय मानक ब्यूरोच्या पाणीपरीक्षेच्या मानकमालेंतहि तेल आणि ग्रीस यांच्यासाठीं स्वतंत्र भाग आहे, तो याचसाठीं.

या इतिहासांत मापनाचा निरुत्साह करण्यासारखें कांहीं नाहीं. माप चुकूं शकतें म्हणून मोजूंच नये, असें म्हणणाऱ्याच्या हातीं शेवटीं केवळ अंदाज उरतो, आणि अंदाजास कोणी जाब विचारूं शकत नाहीं. फ्रिऑन गेलें तेव्हां नवी पद्धति शोधावी लागली. जहाजांवरील यंत्रें फसलीं तेव्हां परीक्षा बदलावी लागली. प्रत्येक वेळीं चूक कबूल केल्यामुळेंच माप पूर्वीपेक्षां खरें झालें. मुंबई हाय येथें उत्पादन सुरू झाल्यास अर्धें शतक होत आलें. क्षेत्र जसजसें जुनें होईल तसतसें पाणी वाढत जाईल, औषधेंहि वाढतील, आणि त्या पाण्याची खरी पारख करण्याचें काम आजच्यापेक्षां अवघडच होईल.

त्या समुद्रांतील पापलेट व बोंबील यांवर ज्यांचा संसार चालतो अशा कोळ्यांना क्रोमॅटोग्राफ पाहण्याचा योग येत नाहीं. वाशीमच्या शेतकऱ्यास तर त्याची गरजहि भासत नाहीं. दोघांनाहि दुसऱ्या कोणी काढलेल्या आंकड्यावर विसंबून राहावें लागतें. काटेपूर्णेचें पाणी तापीच्या मुखांतून ज्या समुद्रास मिळतें, त्याच्या निर्मळपणाची हमी त्या आंकड्यांतच असते. म्हणून दुग्धमापक हातांत घेणाऱ्या जुन्या गृहिणीनें रेषेवर समाधान न मानतां दुधाची चवहि घेऊन पाहावी, तशी सावधगिरी समुद्रावरील मोजणाऱ्यानेंहि ठेवली पाहिजे. पाण्यांत काय काय घातलें आहे हें आधीं विचारावें, आणि मगच आंकडा वाचावा.